अमावस्येला मांडलेले रंधे

प्रदर्शनात सुतारकामाची हत्यारं मांडायची असतील तर बरोबर एक वाईट लाकूड न्यावं. गाठींचं, उलट्या रेषांचं, जरा वाकलेलं. चांगल्या सागावर कुठलाही रंधा लोण्यावरून सुरी फिरावी तसा फिरतो आणि बघणारा म्हणतो, वा, लाकूड छान आहे! गाठीवरून रंधा न अडखळता गेला, की मग कुठे त्याची नजर रंध्याकडे वळते. एवढी साधी गोष्ट कळायला मला बराच काळ लागला, आणि तोवर मी बऱ्याच लोकांना छान लाकूड दाखवलं.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमची एक पत्र्याची शेड आहे. तिथे माझे यजमान रंधे आणि पटाश्या बनवतात आणि मी ती हत्यारं विकते. ज्यांचा लाकडाशी संबंध जेवायच्या पाटापुरताच आला आहे त्यांच्यासाठी सांगते. रंधा म्हणजे बाभळीचा एक ठोकळा आणि त्याच्या पोटात तिरकं बसवलेलं पोलादी पातं. हे पातं तळातून केसभर बाहेर डोकावतं. रंधा फळीवरून ढकलला की ते लाकडाची पातळ साल काढत जातं आणि खडबडीत फळी तान्ह्या मुलाच्या गालासारखी होते. पटाशी म्हणजे खाचा पाडायचं सरळ, चपटं हत्यार. दोन्हींचं पोलाद आम्ही ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांमधून काढतो. ते भट्टीत लाल करायचं आणि नेमक्या क्षणी पाण्यात बुडवायचं. याला पाणी देणं म्हणतात. तो क्षण चुकला तर धार वळते, नाहीतर पातंच तडकतं. यांचा सगळा जन्म त्या क्षणाची वाट बघण्यात गेला. माझा गेला प्रदर्शनांच्या मांडवांत.

मांडव मला आवडतात, हे आधीच सांगून टाकते. दुपारचं ऊन पांढऱ्या कापडातून गाळून आलं की खालची माणसं दुधात बुडाल्यासारखी दिसतात. कुठेतरी माईकवर कोणीतरी सारखं कुणाला तरी बोलावत असतं, आणि त्याच्याकडे कोणीच लक्ष देत नाही. शेजारच्या स्टॉलवरून डिंकाचा वास येतो. आपण रंधा मारत असतो, पायाशी लाकडाच्या गुंडाळ्या साचत असतात, आणि हळूहळू आपण कुठल्या गावी आहोत तेही आठवेनासं होतं. कित्येकदा मी भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत राहिले आहे आणि त्याने काय विचारलं ते मला ऐकूच आलेलं नाही.

पहिल्या प्रदर्शनात मी लाल मखमलीवर हत्यारं मांडली होती. घासूनपुसून, ओळीने, दागिन्यांसारखी. लोक लांबूनच बघून जायचे. एका बाईंनी मला विचारलं, "हे कुठल्या राजाच्या काळातलं आहे?" मी मखमल गुंडाळली, एक मोडकं बाकडं उसनं आणलं आणि स्वतः रंधा मारायला उभी राहिले. साडी खोचून रंधा मारणारी बाई बघायला निम्मी गर्दी जमली, हे मी लपवत नाही. उरलेली निम्मी जमली ती सालींसाठी. पोरी त्या मनगटात बांगड्या म्हणून घालायच्या. तेव्हापासून मी स्टॉलसमोरची झाडलोट करू देत नाही. व्यवस्थापक ओरडतात, मी हसते.

एक गिऱ्हाईक तर असं मिळालं की त्याला गिऱ्हाईक म्हणावं की पाहुणा, हे मी आजवर ठरवू शकले नाही. मुक्ताईनगरकडचे केळीवाले काका. अंगाने भरदार, पांढरी टोपी, डोळे कायम लाल. जळगावच्या प्रदर्शनात ते आले, खुर्ची ओढून बसले आणि पाच मिनिटांत मान टाकून झोपले. मला वाटलं चक्कर आली. पाणी घेऊन धावले, तर म्हणाले, "काही नाही झालं बाई. मले घरी झोपच नाही येत. तुमचा हा आवाज आला का डोया लागते. तुम्ही थांबू नका." मी थांबले नाही. ते दरवर्षी यायचे आणि झोपून जायचे. शेवटी मीच म्हटलं, काका, एक रंधा घेऊनच जा. त्यांनी नेलाही. पुढच्या वेळी विचारलं, झोप लागते का? तर म्हणाले, "स्वतःच मारला तर कसा डोया लागन?" मी पुन्हा रंधा उचलला.

दुसरे एक सातपुड्याच्या पायथ्याचे. ते लाकडाच्या काठवटी कोरायचे, पीठ मळायच्या. त्यांना आतून गोलाई घेणारी पटाशी हवी होती आणि तशी आमच्याकडे नव्हती. त्यांनी माझ्यासमोरच्या भुशात बोटाने एक वळण काढून दाखवलं. मी ते घरी येऊन यांना हवेत काढून दाखवलं. यांनी तीनदा भट्टी लावून ती पटाशी बनवली. ती आजही आमच्या मालात आहे आणि तिचं नाव काठवट पटाशी असंच पडलं आहे.

हे प्रदर्शनांना कधी यायचे नाहीत. भट्टी सोडून माणसांत उभं राहायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. त्यामुळे प्रदर्शन संपवून आले की मी जेवताना त्यांना माणसं सांगायची. कोण आलं, काय म्हणालं, कसं हसलं. हे ऐकत बसायचे. मधेच म्हणायचे, "मग?" एवढंच. त्यांची गिऱ्हाइकं त्यांनी अशी माझ्या तोंडूनच बघितली.

मग दिवस फिरले. फर्निचर प्लायवूडचं झालं आणि प्लायवूडला रंधा लागत नाही. जिथे लागतो तिथे विजेचा रंधा आला. बटण दाबलं की घर्र आवाज करत तो हाताच्या रंध्याची दिवसभराची वाट तासाभरात चालून जातो. मी त्याला नावं ठेवणार नाही. ज्याला दिवसाला चार दारं उभी करायची आहेत त्याने आमचा रंधा का घ्यावा? पण आमच्या शेडमध्ये माल साचू लागला, आणि भट्टी आठवड्यातून दोनच दिवस पेटू लागली.

त्याच सुमारास विजेच्या हत्यारांच्या एका कंपनीचा माणूस आमच्याकडे आला. तरुण, अदबशीर, मला मावशी म्हणणारा. त्याला गोदामासाठी आमची शेड हवी होती. दर महिन्याला भाडं मिळणार होतं, वर यांना दुरुस्तीचं काम देतो म्हणाला. अट एकच, भट्टी काढायची. त्यांच्या मालाजवळ विस्तव चालणार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "धुळ्याचं प्रदर्शन होऊ दे. तिथं दुकानदारांच्या ऑर्डरी आल्या तं ठीक. नाही तं देऊन टाकू." मला मान्य होतं. भट्टीवर प्रेम होतं, पण प्रेमावर घर चालवायचं वय आमचं उरलं नव्हतं. तो तरुणही धुळ्यालाच स्टॉल लावणार होता, आमच्या अगदी समोर. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला उत्तर द्यायचं ठरलं.

आता माझी चूक सांगते. प्रदर्शन तीन दिवसांचं होतं आणि मधला दिवस अमावस्येचा. बाहेरगावच्या आयोजकांना त्याचं काही नव्हतं. आमच्याकडे मात्र सुतार, गवंडी, लोहार यांची अमावस्या म्हणजे सुट्टी. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, लोखंड विकत घ्यायचं नाही. आमची भट्टीही त्या दिवशी बंद असते. तारीख कळल्यावर मला इतका आनंद झाला की काय सांगू! एरवी प्रदर्शनाला सुतार येतो कुठे? तो कामावर असतो. येतात ती घर बांधणारी जोडपी, आणि फुकट टोप्या वाटतात का ते बघणारी मंडळी. अमावस्येला सगळे सुतार मोकळे, म्हणजे सगळे येणार. मी दुप्पट माल नेला. सुट्टीच्या दिवशी सुतार येईल हे मला सुचलं, पण येऊन तो हत्याराला हात लावणार नाही हे सुचलं नाही. जन्म लोहाराघरी काढून!

आणि ते आले. काय आले! सकाळी दहापासून मांडवाच्या दारातून माणसांची रीघच लागली. धुतलेले कपडे, तेल लावलेले केस, कुणाच्या कपाळाला अष्टगंध. साक्रीकडचे, शिरपूरकडचे, खुद्द धुळ्यातले. माझ्या स्टॉलसमोर तीन रांगा झाल्या. आणि सगळ्यांचे हात पाठीमागे.

मी नेहमीसारखी पदर खोचून रंधा उचलायला गेले. पुढे एक म्हातारे सुतार उभे होते, पांढऱ्या मिशांचे. सगळे त्यांना आबा म्हणत होते. रंध्याकडे बघत ते हळूच अहिराणीत म्हणाले, "अक्का, ऱ्हाऊ द्या. आवस शे आज. तेले निजू द्या."

मी रंध्यावरचा हात काढून घेतला. समोरच्या स्टॉलवर तो तरुण विजेचा रंधा हातात घेऊन उभा होता आणि त्याच्याही पुढे तशीच हात बांधलेली गर्दी. दोघा सुतारांत वाद लागला होता की वायर काढून ठेवली तर त्याला हत्यार म्हणायचं की डबा. "डबा म्हन नहीतं पेटी म्हन," एकजण म्हणाला, "आज हात लावाना नही म्हंजे नही." तो बिचारा माझ्याकडे येऊन म्हणाला, "मावशी, इतके लोक आले आणि कोणी बटणसुद्धा दाबत नाही. माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "तुझं नाही रे, कॅलेंडरचं." मग त्याने यंत्राची वायर काढून ठेवली.

मांडवात असं कधी झालं नव्हतं. कुठेच ठोकाठोक नाही, घरघर नाही. शेकडो हत्यारं मांडलेली आणि सगळी गप्प. ऑर्डरी यायच्या तर याच दिवशी, आणि संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तरीही खोटं कशाला सांगू, ते दृश्य इतकं सुंदर होतं की मधून मधून मी भट्टीही विसरत होते. वरून तो दुधी उजेड आणि खाली ही माणसं, देवळात फिरतात तशी हळू पावलं टाकत चाललेली. कुणी रंध्यापुढे वाकून त्याच्या पोटात डोकावतंय, कुणी पात्यावर पडलेलं ऊन बघतंय. बोलणंही कानात सांगितल्यासारखं.

मग आबांनी पाठीमागचे हात पुढे घेतले आणि माझ्या बाकड्यावर, रंध्याला न लावता, एक वीत वर धरले. डोळे अर्धे मिटले आणि हवेतच रंधा मारला. एक पाय मागे, कंबरेतून रेटा, शेवटी मनगट थोडं उचलून. मला वाटलं साल सुटल्याचा आवाज आला. "कसाना दरवाजा शे, आबा?" बाजूच्याने विचारलं. "दरवाजा नही," आबा म्हणाले. "पायना शे. पोरनी पोर येवाव शे ना." पाळणा. लेकीच्या लेकीसाठी. आबांना नात होणार हे कुणी सांगितलं ते देव जाणे, पण कोणी विचारलं नाही. मग दुसराही हवेत रंधा मारू लागला, मग तिसरा. कुणी बैलगाडीची साटी, म्हणजे वरचा सांगाडा, करत होतं, कुणी देव्हारा. एकाने मला सांगितलं की तो शिसवाची पेटी करतो आहे आणि शिसवाचा भुसा नाकात गेला म्हणून तो खरंच शिंकला. सगळे हसले. रोज ही माणसं प्लायवूड कापतात आणि चिकटवतात. त्या दिवशी मात्र प्रत्येकजण आपल्या मनातलं लाकूड घेऊन आला होता.

या गडबडीत हे कधी येऊन उभे राहिले मला कळलंच नाही. भट्टी बंद, आणि संध्याकाळी त्या तरुणाला उत्तर द्यायचं, म्हणून सकाळच्या गाडीने निघाले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. गर्दीच्या मागे, खांबाला टेकून. मी खूण केली, पुढे या. त्यांनी मान हलवली. नको. ते आपले बघत राहिले, त्या रिकाम्या हातांकडे.

आबांचं काम झालं असावं. त्यांनी हवेतला रंधा बाजूला ठेवला, खाली वाकून माझ्या रंध्याच्या पात्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "अक्का, हाई पातं कोनी बनाडं?"

मी मागे बोट दाखवलं. "त्यांनी."

सगळ्या माना वळल्या. हे इतके घाबरले की पिशवी छातीशी धरली. आबा गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले, पिशवी काढून दुसऱ्या कुणाच्या हातात दिली आणि यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उलटासुलटा करून बघितला. तळव्यावरचे भाजल्याचे डाग अंगठ्याने चाचपले. "आज हत्यारले हात लावता येत नही," ते म्हणाले. "पन हातले तं लावता येस."

मग एकेकजण आला. कुणी काही ठरवलं नव्हतं, तरी रांग लागली. एकेक सुतार यांच्यापुढे उभा राहायचा, तो हात हातात घ्यायचा, जरा दाबून बघायचा, मान हलवायचा आणि बाजूला व्हायचा. नवं हत्यार विकत घेताना सुतार जसं ते तोलून बघतो ना, अगदी तसं. हे खाली बघत उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. मी बाकड्यामागे बसून मनसोक्त रडले. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, हे बरंच झालं.

संध्याकाळी तो तरुण तीन चहा घेऊन आला. चांगला मुलगा. त्याने काही विचारायच्या आत हे म्हणाले, "साहेब, शेड देनार नाही आम्ही." तो माझ्याकडे बघू लागला. मी यांच्याकडे. एकाही दुकानदाराची ऑर्डर आली नव्हती. दिवसभरात एक खिळासुद्धा विकला गेला नव्हता. ठरलं होतं काय आणि हे बोलले काय! मला राग आला, भीतीही वाटली आणि त्याहून जास्त, खूप हलकं वाटलं. मी चहा प्यायले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे उगाच गोड गैरसमज नको. तिसऱ्या दिवशी सुतार आपापल्या कामावर गेले आणि मांडव ओस पडला. नेलेल्या मालातला बहुतेक परत आणला. नंतर साक्री-शिरपूरकडून अधूनमधून फोन येत राहिले, एक रंधा, दोन पटाश्या, असे. त्याने आम्ही श्रीमंत झालो नाही. शेडचा अर्धा भाग आम्ही एका पापडवालीला भाड्याने दिला, कारण तिला विस्तवाचं वावडं नव्हतं. भट्टी अजून आठवड्यातून दोनच दिवस पेटते. प्लायवूडला अजूनही रंधा लागत नाही, आणि आमच्यानंतर ते पाणी द्यायला कोणी नाही, याची खंत आहेच. ती कुठल्या प्रदर्शनाने जाणारी नाही.

पण त्या संध्याकाळी मी यांना धुळ्याच्या स्टँडवर सोडायला गेले होते. जळगावची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. मी विचारलं, "अहो, कशाच्या जोरावर नाही म्हणालात त्याला?"

पारोळ्याची गाडी आली आणि गेली. मग ते म्हणाले, "तू दर टायमाले येऊन सांगायची ना, असा माणूस आला, तसा माणूस आला. माले वाटे, मी भट्टीपाशी एकटा बसतो म्हनून तू मनानंच रचून सांगते."

"मग आज?" मी विचारलं.

"तू तं लई कमी सांगे," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांची गाडी लागली आणि जागा धरायला ते धावले.